कानातून मेंदूची परीक्षा

मी आंबेगाव तालुक्यातल्या तळेघरचा, भीमाशंकरच्या वाटेवरचा. गावी ‘ब्रेन डेड’ हा शब्द निघाला की प्रश्न ठरलेला, “छाती हलतेय, अंग गरम आहे, मग माणूस गेला कसा?”

छाती व्हेंटिलेटर हलवतो. हृदयाचा ठोका हृदयातच तयार होतो, म्हणून ते काही काळ चालतं. पण मेंदूचा देठ, म्हणजे ब्रेनस्टेम, कायमचा बंद पडला की स्वतःचा श्वास परत येत नाही. १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यानुसार चार डॉक्टरांचं मंडळ किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासणी करतं. बाहुल्यांवर उजेड, खोकल्याची प्रतिक्रिया, आणि व्हेंटिलेटर काढून श्वास येतो का ते पाहणं.

याला जोड म्हणून कानाची एक चाचणी करता येते. कायद्याने ती सक्तीची नाही. कानात ‘क्लिक’ वाजवायचे आणि डोक्यावरच्या इलेक्ट्रोडमधून उत्तर टिपायचं. जिवंत ब्रेनस्टेम दहा मिलिसेकंदांत ठळक पाच लहरी देतो. पहिली श्रवण-नसेची, साधारण दीड मिलिसेकंदाला. तिसरी आणि पाचवी ब्रेनस्टेममधली.

आता आपला विषय! या लहरी एक मायक्रोव्होल्टपेक्षाही लहान, ईईजीच्या गोंगाटात बुडालेल्या. म्हणून २००० क्लिकची सरासरी घेतात. वर्गमुळाच्या नियमाने गोंगाट सुमारे ४५ पट घटतो. सेकंदाला नेमके १० क्लिक दिले तर ५० हर्ट्झची गुणगुण दर वेळी त्याच फेजमध्ये सापडते, सरासरीतही जात नाही. म्हणून ११.१ सारखा आडनिडा आकडा!

पहिली लहर आहे आणि पुढची एकही नाही, म्हणजे क्लिक कानापर्यंत पोचला, पण वर उत्तर द्यायला कुणी नाही. पण एकही लहर नसेल तर सावध! अपघातात कानच निकामी झाला असेल किंवा माणूस आधीपासून बहिरा असेल. भारी झोपेच्या औषधांनी ईईजी सपाट होऊ शकतो. या लहरी मात्र बऱ्यापैकी टिकतात. हाच चाचणीचा मोठा फायदा.

तरीही ही चाचणी फक्त ऐकण्याची वाट तपासते. श्वासाचं केंद्र त्याखाली, मेड्युलात. म्हणून श्वासाच्या तपासणीला ती पर्याय नाही. अवयवदानाचा निर्णय ज्या घराला काही तासांत घ्यायचा असतो, त्याला हे सगळं साध्या मराठीत कुणीतरी सांगायला हवं. ते आपण का नाही?