बान्या : रशियातले वाफेचे न्हाणीघर

रशिया हा फार थंडीचा देश. तिथल्या पुष्कळ भागांत वर्षातले चार-पाच महिने जमिनीवर बर्फ असते. नद्या गोठतात. विहिरीतले पाणी काढले, तर हात बधिर होतो. अशा ठिकाणी अंगणातल्या धोंड्यावर बसून दोन तांबे पाणी अंगावर घेणे कसे जमणार? मग ही माणसे अंघोळ करतात तरी कशी?

त्यांनी एक युक्ती काढली. ती फार जुनी आहे. तिचे नाव बान्या. बान्या म्हणजे न्हाणीघर. पण या न्हाणीघरात पाण्यापेक्षा वाफेचे काम मोठे.

आता तुम्ही म्हणाल, आपल्याला त्याचे काय? तर ऐका. आपल्याकडची पुष्कळ मुलेमुली डॉक्टरकी शिकायला रशियात जातात. तिथे कुणाशी ओळख झाली, घरोबा झाला, की यजमान म्हणतात, "चला, आज बान्याला!" पाहुण्याला बान्या तापवून देणे हा तिथला मोठा मान. नाही म्हणवत नाही, आणि आत जाऊन काय करायचे तेही ठाऊक नसते. म्हणून हा धडा.

खेड्यातली बान्या म्हणजे लाकडी ओंडक्यांची लहानशी झोपडी. ती घराला लागून नसते. परसाच्या टोकाला, नदी किंवा तळे असेल तर त्याच्या काठाला असते. एक तर पाणी जवळ पडते. दुसरे म्हणजे, चुकून आग लागलीच तर घर वाचते. आत बहुधा तीन भाग असतात. पहिल्यात कपडे काढायचे, दुसऱ्यात अंग धुवायचे, तिसऱ्यात वाफ घ्यायची. या तिसऱ्या खोलीत मोठी भट्टी असते आणि तिच्यावर गोट्यांचा ढीग. भट्टीत काही तास लाकडे जाळतात. गोटे असे तापतात, की त्यांच्यावर पळीभर पाणी टाकले की चर्र आवाज होतो आणि क्षणात वाफ होते. वार शनिवारचा. शनिवारी दुपारी खेड्यात धूर दिसला, की समजावे बान्या तापते आहे.

जुन्या काळी भट्टीला धुराडे नसे. धूर खोलीतच कोंडायचा, मग दारातून नाही तर भिंतीतल्या भोकातून बाहेर जायचा. भिंती काजळीने काळ्या होत. म्हणून तिला 'काळी' बान्या म्हणत. धुराडे असलेली ती 'पांढरी'. जागा उबदार, गरम पाणी हाताशी आणि घरापासून एकांत. म्हणून खेड्यातल्या बायकांचे बाळंतपणही पुष्कळदा बान्यातच होई.

तिथे एक भूत राहते, अशीही समजूत होती. त्याचे नाव बान्निक. सगळ्यांची न्हाणी झाली, की शेवटची वाफ त्याच्यासाठी ठेवायची. मध्यरात्री कुणी आत जायचे नाही. गेला तर बान्निक त्याला गुदमरवून मारतो म्हणे! हे हसण्यावारी नेऊ नका. माणसे खरोखरच मरत होती. पण मारणारा बान्निक नव्हता. ते पुढे सांगतो.

आता आत जाऊ या.

आधी लाजेचे बोलू. गावातल्या सार्वजनिक बान्यात पुरुष वेगळे आणि बायका वेगळ्या. पण आत सगळे उघडेच असतात. आपल्या माणसाला पहिल्यांदा मेल्याहून मेल्यासारखे होते. कमरेला पंचा किंवा चादर गुंडाळली तरी चालते. कुणी कुणाकडे टक लावून पाहत नाही. गळ्यातली साखळी, मंगळसूत्र, बोटातली अंगठी, चष्मा बाहेर काढून ठेवा. धातू तापला की कातडीला चटका बसतो. डोक्याला लोकरीची जाड टोपी घालतात. उन्हात फेटा बांधतो ना, तसाच तिचा उपयोग. डोके लवकर तापत नाही.

वाफेच्या खोलीत फळ्यांचे बाक असतात, एकावर एक, पायऱ्यांसारखे. गरम हवा वर चढते. म्हणून वरचा बाक सर्वांत तापलेला. जुनी माणसे थेट वर जाऊन बसतील. तुम्ही खाली बसा. कुणी हसले तर हसू द्या.

आतली हवा साधारण ६० ते ८० अंश सेल्सिअस असते. एवढ्या उष्णतेत माणूस जगतो कसा? घामामुळे. घाम सुकताना अंगातली उष्णता घेऊन जातो. पण हवेत वाफ भरली, की घाम सुकत नाही, नुसता वाहतो. मे महिन्यात मुंबईला जीव नकोसा होतो, तो याच कारणाने. बान्यात त्याहून कितीतरी जास्त. कातडीखालच्या रक्तवाहिन्या फुगतात, काळीज भराभर धडधडते. म्हणून पहिल्या खेपेला पाच मिनिटे पुष्कळ झाली. डोके हलके वाटले, डोळ्यांपुढे अंधारी आली, मळमळले, तर लगेच बाहेर या. झटकन उभे राहू नका. आधी बसा, मग उठा. ज्यांना हृदयाचा विकार आहे, अंगात ताप आहे, किंवा पोटुशी बाई आहे, त्यांनी डॉक्टरला विचारल्याशिवाय आत जाऊच नये.

गोट्यांवर पाणी टाकण्याआधी इतरांना विचारण्याची रीत आहे. "अजून थोडी वाफ देऊ का?" टाकणाऱ्याने भट्टीच्या तोंडासमोर उभे राहायचे नाही, बाजूला राहायचे. वाफेने भाजते, ते उकळत्या पाण्याने भाजावे तसेच.

मग येतो वेनिक. वेनिक म्हणजे पानांसकट डहाळ्यांची जुडी. बहुधा भूर्जाची, कधी ओकची. आपल्या जुन्या पोथ्या ज्या भूर्जपत्रांवर लिहिल्या, त्याच जातीचे हे झाड. उन्हाळ्यात पाने कोवळी असताना डहाळ्या तोडतात, जुड्या बांधतात आणि माळ्यावर सुकवतात. वापरायच्या आधी पाण्यात भिजवल्या, की पाने पुन्हा मऊ होतात आणि वास सुटतो. या जुडीने पाठीवर, पायांवर हलके हलके थोपटतात. पाहणाऱ्याला वाटते, मारहाण चालली आहे! पण यात मार नसतो. जुडी गरम हवा ओढून अंगाजवळ आणते.

बाहेर आले, की कुणी थंड पाणी ओतून घेतो, कुणी चक्क बर्फात लोळतो. नव्याने हे धाडस करू नये. कोमट पाण्याने अंग भिजवा, बसा, पाणी प्या. वाटले तर पुन्हा आत जा.

आणि दारू नको. तिथेही पुष्कळजण बान्यात वोडका पितात. 'नशिबाची थट्टा' नावाचा रशियन चित्रपट १९७६ च्या १ जानेवारीला दूरदर्शनवर प्रथम दाखवला. त्यातला नायक बान्यात इतका पितो, की मॉस्कोऐवजी लेनिनग्राडला जाऊन पोचतो. लोक पोट धरून हसले. पण खऱ्या बान्यात पिणारा विमानात नाही, इस्पितळात पोचतो. दारूने माणसाला चक्कर कळत नाही, आणि तो आतच झोपतो.

आता बान्निकाचे. लाकडे पुरी जळाली नाहीत, निखारे धगधगत असले आणि धुराड्याची झडप लवकर बंद केली, की कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू कोंडतो. त्याला वास नाही, रंग नाही. डोके दुखते, गुंगी येते, माणूस झोपतो तो उठत नाही. आपल्याकडे थंडीत बंद खोलीत शेगडी ठेवून झोपलेली माणसे दगावतात, ती याच वायूने. म्हणून जाणते यजमान निखारे पुरते विझेपर्यंत झडप लावत नाहीत, दार उघडून हवा खेळवतात, मगच पाहुण्यांना बोलावतात. तुम्ही विचारायला संकोच करू नका. आणि एकट्याने आत जाऊ नका.

एवढा धोका, तर हवी कशाला बान्या? तिने माणसे वाचवलीही आहेत. टायफस हा ताप अंगावरच्या उवांमुळे पसरतो, हे शार्ल निकोल या फ्रेंच डॉक्टरने १९०९ मध्ये दाखवले. रशियात १९१८ नंतरच्या यादवीत या तापाने लाखो माणसे गेली. औषध नव्हते. इलाज एकच, अंग धुवा आणि कपडे उष्णतेने तापवून उवा मारा. दुसऱ्या महायुद्धात तर सैनिकांसाठी आगगाडीच्या डब्यांतच न्हाणीघरे आणि धुलाईची सोय केली होती.

शहरात बान्या मोठ्या इमारतीत असते. मॉस्कोची सांदुनी बान्या १८०८ सालची आहे, आणि तिची आजची इमारत १८९६ सालची. आत संगमरवर, खांब, नक्षी. राजवाडाच म्हणा ना! पण वाफ तीच.

सगळे आटोपले, की चहा. पेल्यावर पेले. बाहेर येणाऱ्याला रशियन माणूस म्हणतो, "स ल्योख्किम पारम!" म्हणजे, वाफ हलकी लाभो. गोटे नीट तापले नसतील, तर पाणी टाकल्यावर ओले, जड धुके होते आणि छाती कोंडते. गोटे चांगले तापलेले आणि पाणी थोडे, की वाफ डोळ्यांना दिसतसुद्धा नाही. ती हलकी वाफ. तुम्हाला कुणी असे म्हणाले, तर "स्पासीबा" म्हणा. म्हणजे, आभारी आहे.