राइड-ऑन लॉन मॉवर चालू होत नाही? आधी आवाज ऐका

व्हिडिओत चावी फिरवल्यावरचे तीन आवाज ऐकवले. तेच इथे लिहून देतोय, म्हणजे साइटवर मोबाईल उघडून बघता येईल.

रिसॉर्ट, कंपनी कॅम्पस, क्रिकेटचं मैदान... जून लागला की फोन येतो, "बसून चालवायचं मशीन चालूच होत नाही." अशा वेळी नवी बॅटरी टाकून बिल फाडणं सगळ्यात सोपं. पण दोष चार्जिंगमध्ये असेल तर आठवड्याभरात नवी बॅटरीही डाउन होते, आणि वर्षभराचं काम हातचं जातं. म्हणून आधी मोजा, मग पार्ट बदला.

चावी फिरवली आणि काहीच आवाज नाही? मग फोनवरच विचारा: ब्रेक पेडल पूर्ण दाबलाय का, पात्यांचा स्विच बंद आहे का, सीटवर कोणी बसलंय का? यातलं एक राहिलं तरी बऱ्याच मशीनचा स्टार्टर फिरत नाही. एवढ्यावर सुटलं तर पैसे मागू नका, ऑफ-सीझन सर्व्हिसचं विचारा! नाही सुटलं तर फ्यूज बघा, वायरी उंदरांनी कुरतडल्यात का बघा. सीटचा स्विच खराब निघाला तर नवा टाका. वायर जोडून तो बायपास करा म्हणणाऱ्याला सरळ नाही म्हणा. चालक पडला तर पाती थांबवणारा तोच स्विच आहे.

टक-टक-टक आवाज म्हणजे बहुतेक बॅटरी किंवा टर्मिनल. मल्टिमीटर लावा. भरलेली १२ व्होल्टची बॅटरी साधारण १२.६ दाखवते. १२.२ च्या खाली असेल तर आधी चार्ज करा. टर्मिनलवरची पांढरी-हिरवी बुरशी घासा, चॅसीवरची अर्थिंगची वायरही घट्ट करा. बॅटरी चांगली असून एकच मोठा 'टक' येत असेल तर सोलेनॉइड किंवा स्टार्टर तपासा. इंजिन चालू झाल्यावर पुन्हा मोजा. रीडिंग साडेतेराच्या वर जात नसेल तर खरं दुखणं चार्जिंगचं.

इंजिन गरगर फिरतंय पण पेट घेत नाही, तर पेट्रोल पाहा. महिनोन्महिने टाकीत पडलेलं पेट्रोल उडून चिकट होतं, कार्बोरेटरची बारीक भोकं बुजतात. शिवाय आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, तर अनेक छोट्या इंजिनांच्या पुस्तिकेत १० टक्क्यांचीच मर्यादा असते. पुस्तिका वाचाच. प्लग काढा: कोरडा असेल तर पेट्रोल पोचत नाही, ओला असेल तर स्पार्कवर संशय घ्या.

पात्यांजवळ हात घालण्याआधी चावी आणि प्लगची कॅप काढायचीच.

व्हिजिट चार्ज फोनवरच सांगा. जॉब कार्डवर आधीचं आणि नंतरचं व्होल्टेज लिहून ग्राहकाची सही घ्या. पुढच्या जूनला हीच तक्रार आली, तर तुलनेसाठी हे कार्ड हाताशी असेल.