खुर्द, खु. आणि खु॥

वरकुटे खुर्द,
ता. इंदापूर, जि. पुणे

चि. सोनू हिस,


दूध संकलनाच्या गावोगावच्या याद्या जावामध्ये एकत्र करायचा तुझा प्रोजेक्ट मला मनापासून आवडला. पण फोनवर तू म्हणालीस, "क्लास, ऑब्जेक्ट जमतंय, स्ट्रिंगमध्ये काय एवढं?" त्यासाठीच हे पत्र. तुझ्या याद्यांमध्ये माणसं स्ट्रिंग, म्हणजे मजकूर, म्हणूनच येणार आहेत. तिथे चूक झाली तर कुणाचं तरी नाव गळेल.

आपल्याच गावाचं घे. एका यादीत "वरकुटे खुर्द", दुसरीत "वरकुटे खु.", तिसरीत "वरकुटे खु॥" असेल. वाचणाऱ्याला गाव एकच, जावाला तीन. तू ते सारखं करायला बसशील आणि रिप्लेसऑल वापरून "खु." च्या जागी "खुर्द" घालशील. तिथेच घात आहे. रिप्लेसऑलला पहिला शब्द नमुना म्हणून लागतो आणि नमुन्यात टिंबाचा अर्थ "कोणतंही एक चिन्ह". म्हणजे आधीच नीट लिहिलेल्या "खुर्द"मधले ख, उकार आणि र त्यात सापडतात, त्यांच्या जागी अख्खा "खुर्द" येतो आणि मागे हलन्त आणि द उरतो. गाव होतं "वरकुटे खुर्द्द". प्रोग्रॅम कुठे अडत नाही, लाल अक्षरं येत नाहीत, नाव तेवढं बिघडतं. इथे साधं रिप्लेस वापर, ते शब्द जसाच्या तसा शोधतं. आणि कंटेन्स लावून नुसतं "वरकुटे" शोधू नकोस. आपल्याच तालुक्यात वरकुटे बुद्रुक आहे, माण तालुक्यात वरकुटे-मलवडी आहे, तीही त्यात येतील. २०११ च्या जनगणनेत प्रत्येक गावाला सहा अंकी कोड दिलेला आहे. गावाची ओळख त्या कोडवर ठेव, नाव दाखवण्यापुरतं.

तुलना करताना == लावायची सवय आत्ताच मोड. एका गटाचे दोन सातबारा उतारे काढले तर मजकूर एक, कागद दोन. == कागद एकच आहे का ते पाहतं, इक्वल्स मजकूर पाहतं. कोडमध्येच लिहिलेल्या शब्दांवर == बरोबर उत्तर देतं, कारण तसे सारखे शब्द जावा एकाच जागी ठेवते. म्हणून सरावात काही कळत नाही. फाइलमधून नावं वाचायला लागलीस की फसतं.

स्ट्रिंग एकदा तयार झाली की बदलत नाही. ट्रिम नवी स्ट्रिंग देतं, ती कशात तरी ठेवावी लागते, नाहीतर केलेलं वाया. एक्सेलमधून किंवा वेबवरून उचललेल्या मजकुरात "न तुटणारी" मोकळी जागा असू शकते. ती ट्रिमने जात नाही, जावा ११ मधल्या स्ट्रिपनेही नाही. ती वेगळी काढ. हजारो ओळी जोडायच्या असतील तर स्ट्रिंगबिल्डर घे, हे तुला शिकवलंच असेल.

आता मराठीचं, कारण पुस्तकातली उदाहरणं बहुतेक इंग्रजी असतात. "वरकुटे" आपण चार अक्षरं मोजतो, लेंग्थ ६ सांगते. उकार आणि मात्रा ती वेगळ्या धरते. छापील रकाना अरुंद आहे म्हणून सबस्ट्रिंगने पहिले पाच घेतलेस तर "वरकुट" छापलं जाईल, मात्रा गेली. अक्षरांच्या सीमेवर तोडायला ब्रेकइटरेटर आहे. जोडाक्षरं मात्र जावाच्या आवृत्तीनुसार वेगळी तुटतात, तेव्हा आपल्या नावांवर चालवून बघ.

सगळ्यात छुपी अडचण "शेतकऱ्याचे नाव" या रकान्याच्या मथळ्यात आहे. त्यातला ऱ काही जण एका कोडने लिहितात, काही र आणि खाली नुक्ता असा, तर काही र, हलन्त आणि न दिसणारा जोडक घालून. पडद्यावर तिन्ही सारखेच दिसतात. पहिले दोन जावाचा नॉर्मलायझर एक करतो, तिसरा करत नाही, तो तुला हाताने बदलावा लागेल. हे राहिलं तर प्रोग्रॅमला तो रकानाच सापडत नाही. "ॲप"मधल्या ॲ चंही असंच, तोही दोन-तीन तऱ्हांनी लिहिला जातो.

फाइल वाचताना यूटीएफ-८ स्पष्ट लिही. २०२२ च्या जावा १८ पासून ते आपोआप धरलं जातं, पण कॉलेजच्या लॅबमध्ये जुनी आवृत्ती असेल तर विंडोजवर मराठीचा पार चुथडा होतो. आणि कोणी श्रीलिपीतली जुनी फाइल दिली तर तिला हे काहीच लागू नाही, ती आधी युनिकोडमध्ये आणावी लागते.

सोनू, आलेली मूळ यादी कधीही पुसू नकोस. साफ केलेलं नाव वेगळ्या रकान्यात ठेव, आणि जे नाव जुळलं नाही ते गुपचूप वगळण्याऐवजी वेगळ्या फाइलमध्ये लिही. ती फाइल घेऊन रविवारी ये, आपण गावातल्या लोकांना विचारून एकेक नाव लावू.

तुझा,
मामा