तारेजवळ एकटा चढू नकोस

चि. सुजय,

काल वहिनींचा फोन आला होता. शाळेमागच्या फणसाची फांदी तू एकट्याने उतरवलीस, तीही तिन्हीसांजेला, ११ हजारांच्या लाईनीला खेटून, असं दुकानावर बोलत होते म्हणे. त्यात खरं किती ते तूच सांग. मला मात्र रात्रभर डोळा लागला नाही.

लाईट गेलेलीच होती, असं तू वहिनींना सांगितलंस. अरे, लाईट गेली म्हणजे तार मेली असं नसतं. ती कधीही परत येते. वाडीत कुणी जनरेटर लावला आणि जोडणी नीट नसली, तर त्याचा करंट उलटा लाईनीत शिरतो. म्हणूनच वायरमन नुसतं बटण बंद करून थांबत नाही, तारांना अर्थिंग करतो आणि मगच हात लावू देतो. एवढ्या दाबाच्या तारेला टेकावंही लागत नाही, फार जवळ गेलं तरी करंट उडी घेतो. ओली फांदी, ओला दोर, दोन्हींतून करंट येतो. १९१२ ला फोन कर, महावितरणच्या ऑफिसात अर्ज दे. वायरमन उभा असल्याशिवाय त्या बाजूचं पानही तोडायचं नाही.

मे महिना आहे, पावसाआधी सगळ्यांना कौलं मोकळी करून हवीत, हे मला कळतं. पण फूटभर जाडीची दहा फुटी ओली फांदी दीड-दोनशे किलो सहज भरते. वरूनच कापत गेलास तर ती अर्ध्यात मोडते आणि बुंध्याची साल सोलत खाली येते. आबा आधी बुंध्यापासून हातभर अंतरावर खालून खाच घ्यायचे, जाडीच्या पावभर. मग त्या खाचेपासून चार बोटं शेंड्याकडे सरकून वरून करवत. फांदी तिथेच तुटते, साल शाबूत राहते. खुंट शेवटी काढायचा, तोही बुंध्याजवळचं फुगीर कडं राखून. ते कडं कापलं की जखम नीट भरत नाही.

खाली कौलं असली तर फांदी पाडायची नाहीच, उतरवायची. दोर वरच्या जाड बेचक्यातून घे आणि फांदी बांध. शेंड्याला वेगळा ओढीचा दोर लाव, म्हणजे ती छपराकडे फिरत नाही. खालच्या गड्याने दोराचे बुंध्याला दोन-तीन वेढे घ्यायचे, म्हणजे भार झाड पेलतं आणि फांदी वीत-वीत सोडता येते. दोर हाताला गुंडाळू देऊ नकोस, माणूस वर खेचला जातो. दोरात झोलही नको. फांदी झोलात आदळली की झटका तिच्या वजनाच्या कितीतरी पट बसतो. तुझ्या कंबरेचा दोर वेगळा, आणि तो करवतीच्या वाटेत नको. पण हे सगळं तारेपासून लांब असलेल्या झाडाचं. तारेजवळ यातलं काहीही कामाला येत नाही.

आबा मला हाक मारायचे तेव्हा मी मुंबईच्या नोकरीच्या नादात होतो. त्यांच्या हाताखाली आणखी चार पावसाळे काढायला हवे होते, ही खंत जात नाही. जे शिकलो ते उशिरा शिकलो, आणि विचारावं म्हटलं तेव्हा विचारायला आबा नव्हते.

२०२० च्या निसर्ग वादळानंतर आपण दापोलीकडे गेलो होतो, आठवतं? घरांवर आडवे झालेले आंबे, दाबाखाली धनुकलीसारख्या ताणलेल्या फांद्या. तुला मी खालीच उभं केलं म्हणून तू रुसला होतास. तेव्हाही मला हीच भीती होती.

रागावलो, मनाला लावून घेऊ नकोस. तुझा हात आबांवर गेलाय. देवळामागचा आंबा तू हलका केलास, एक कौल फुटलं नाही, ते मी पाहिलंय आणि चारचौघांत सांगतो. दादा गेल्यावर घर तू सांभाळलंस, तेही या कामावर. म्हणून काम सोड असं मी म्हणणार नाही.

हेल्मेट, पट्टा आणि चांगला नवा दोर घे, पैसे मी पाठवतो. जुना सुंभ वापरू नकोस. शनिवारी मी येतोय. फणसाचं उरलेलं काम वायरमन आल्यावर आपण दोघं मिळून करू, खालचा दोर मी धरीन. तोवर त्या झाडावर चढू नकोस, बाळा. आणि हे पत्र मिळालं की आधी मला फोन कर.

तुझा काका