बिनसाखरेचा चहा आणि आजोबांची गोळी

या उन्हाळी सुट्टीत घरी गेल्यावर आजोबांसाठी मसाल्याचा चहा करायचा, असे मी ठरवूनच गेलो होतो. आजोबा निवृत्त सुभेदार. बारा वर्षांपासून त्यांना मधुमेह आहे. तरीही दिवसाला पाच कप चहा आणि प्रत्येक कपात दोन चमचे साखर, हा त्यांचा नेम सुटला नव्हता.

आधी चहाची कृती सांगतो.

साहित्य : दोन कप पाणी, पाव चमचा मेथीदाणे, दालचिनीचा अर्धा इंच तुकडा, अर्धा इंच आले, एक वेलदोडा, तुळशीची पाच-सहा पाने.

कृती : मेथीदाणे त्याच पाण्यात अर्धा तास भिजवावेत. मग त्यात दालचिनी, ठेचलेले आले व वेलदोडा घालून मंद आचेवर सात-आठ मिनिटे उकळावे. गॅस बंद करून तुळशीची पाने टाकावीत आणि पाच मिनिटे झाकून ठेवावे. गाळून गरमच प्यावे. साखर घालू नये. गूळ आणि मधही नको, कारण त्यांनीही रक्तातील साखर वाढते.

पहिल्या दिवशी आजोबांनी तोंड वाकडे केले. "आमच्या लंगरचा चहा बरा होता रे!" म्हणाले. तिसऱ्या दिवसापासून मात्र स्वतः मागू लागले. मी फुशारकीने म्हणालो, "आजोबा, आता तुम्हाला गोळीची गरजच उरणार नाही."

हे मी बोलायला नको होते.

दहाव्या दिवशी सकाळी उपाशीपोटी तपासले, तर ग्लुकोमीटरवर 218 आकडा आला. एरवी तो 140 च्या आसपास असे. आजीने गोळ्या मोजल्या. आठवडाभराच्या गोळ्या पाकिटात तशाच होत्या. "नातू म्हणाला, म्हणून बंद केल्या," आजोबा सहज म्हणाले. मला मान वर करता येईना.

डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी मला गणित घातले. एका चमच्यात साधारण 4 ग्रॅम साखर, तर दहा चमच्यांत किती? 40 ग्रॅम. "तेवढी साखर रोज पोटात जायची थांबली, हाच तुझ्या चहाचा खरा गुण," ते म्हणाले. मेथीतील तंतूंमुळे साखर रक्तात सावकाश उतरते हे खरे, पण चहा गाळल्यावर बहुतेक तंतू गाळणीतच राहतात. बाजारात मिळणाऱ्या बऱ्याचशा जाड दालचिनीत कुमारिन नावाचे द्रव्य असते. ते जास्त झाले तर यकृताला अपाय होऊ शकतो. म्हणून लहान तुकडा पुरे, चमचाभर पूड नको.

त्यांनी आणखी एक गोष्ट शिकवली. गोळ्या घेणाऱ्या माणसाला अचानक घाम फुटला, हात थरथरू लागले, तर साखर तपासावी. ती 70 पेक्षा कमी असेल आणि माणूस शुद्धीवर असेल, तर तीन-चार चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच द्यावी आणि 15 मिनिटांनी पुन्हा तपासावे. तेव्हा बिनसाखरेचा चहा कामाचा नाही!

मित्रांनो, घरी हा चहा जरूर करा, पण तो साखरेच्या चहाऐवजी आहे, गोळीऐवजी नाही. गोळी कमी करायची की बंद, हे डॉक्टरच ठरवतील.

आता रविवारी घरी फोन लावला की मी आधी विचारतो, "आजोबा, गोळी घेतली?"

पलीकडून खणखणीत उत्तर येते, "घेतली, साहेब!"