डेमलो संख्या : सतरा अंकांचा एक पाठ

१२३४५६७८९८७६५४३२१ ही सतरा अंकी संख्या डावीकडून वाचली काय किंवा उजवीकडून, सारखीच राहते. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांनी अभ्यासलेल्या ‘डेमलो’ संख्यांपैकी ही एक होय. डोंबिवली स्थानकाच्या जुन्या नावावरून त्यांनी हे नाव दिले. १९०५ साली डहाणू येथे जन्मलेले कापरेकर १९६२ साली निवृत्त होईपर्यंत देवळालीत शाळाशिक्षक होते. त्यांच्यापाशी विद्यापीठातील पद नव्हते. पण कागद, पेन्सिल आणि चिकाटी होती. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मधील आपल्या सदरात त्यांच्या कार्याची ओळख जगाला करून दिली.

आता या संख्येचे गुणधर्म पाहू. मधला ९ वगळून दोन्ही बाजूंची बेरीज करा : १२३४५६७८ + ८७६५४३२१ = ९९९९९९९९. मध्ये जो अंक, तोच बेरजेत सर्वत्र उमटतो. शिवाय ही संख्या १११११११११ या नऊ एकांच्या संख्येचा वर्ग आहे. तिचे मूळ अवयव ३, ३७ आणि ३३३६६७ असून ती ३⁴ × ३७² × ३३३६६७² अशी मांडता येते. म्हणून तिला (४+१) × (२+१) × (२+१) म्हणजे ४५ विभाजक आहेत. अंकांची बेरीज ८१, आणि ८१ ने तिला निःशेष भाग जातो. अशा संख्यांना कापरेकरांनी ‘हर्षद’ म्हटले.

परंतु हे असे का घडते? गुणाकार मांडून पाहावा. नऊ एकांच्या नऊ ओळी, प्रत्येक ओळ एक घर डावीकडे सरकलेली. उजवीकडून पहिल्या स्तंभात एक एकक, दुसऱ्यात दोन, मधल्यात नऊ. पुढे पुन्हा उतरण. कोठेही हातचा येत नाही. अंकांची बेरीज ८१ येते, कारण मांडणीत एकूण ९ × ९ एकेच आहेत.

दहा एके घेतली की मधल्या स्तंभात १० होतात, हातचा येतो आणि उत्तर १२३४५६७९००९८७६५४३२१ असे मिळते. येथे मांडणीत १०० एके असूनही अंकांची बेरीज ८२ भरते. प्रत्येक हातच्याने दहा जाऊन एक येतो, म्हणजे नऊ घटतात. असे दोन हातचे आले, म्हणून अठरा घटले.

केवळ नमुना पाठ करणारा विद्यार्थी दहाव्या पायरीवर फसतो. कारण जाणणारा तेथे सावध होतो आणि पुढचेही सांगू शकतो. गणिताच्या अभ्यासाचे सारे मोल या फरकात आहे. हे शिकण्यास महागडी साधने लागत नाहीत. परळी वैजनाथ स्थानकावर गाडीची वाट पाहतानाही ते साधता येईल.

बालमित्रांनी आता अकरा एकांचा वर्ग करावा. त्यात किती हातचे येतात ते आधी ठरवून अंकांची बेरीज सांगावी आणि मगच गुणाकार करून ताळा पाहावा.