रेगे संगीत व रुफारो येथील दोन रात्री

संगीताचा विचार करतांना आपण राग, ताल व वाद्यें यांकडे लक्ष देतों. परंतु गाणें कोणासमोर चाललें आहे आणि कोणास तें ऐकावयास मिळत नाहीं, हा प्रश्न आपल्या मनांत क्वचितच येतो. ज्या संगीताच्या इतिहासांत हा प्रश्न एकदां फार ठळकपणें पुढें आला, त्या रेगे नामक संगीताचा परिचय करून द्यावा, व त्याच्या एका वाद्यवृंदानें अगदीं नव्या ठिकाणीं केलेल्या कार्यक्रमाची हकीकत सांगावी, असें आम्हीं योजिलें आहे.

रेगेची जन्मभूमि म्हणजे कॅरिबियन समुद्रांतील जमैका बेट. तेथील उंसाच्या मळ्यांवर राबण्यासाठीं आफ्रिकेंतून माणसें गुलाम म्हणून नेण्यांत आलीं. गुलामगिरी संपल्यावर १८४५ सालापासून आपल्या देशांतूनहि करारबद्ध मजूर तेथें गेले. ६ ऑगस्ट १९६२ रोजीं जमैका स्वतंत्र झाला. किंग्स्टन या राजधानींतील गोरगरिबांस मोठमोठ्या नृत्यगृहांचें शुल्क परवडत नसे. तेव्हां कोणीतरी मोकळ्या अंगणांत भले मोठे ध्वनिवर्धक मांडी, तबकड्या लावी, आणि सारी वस्ती तेथें जमे. या व्यवस्थेस 'साउंड सिस्टिम' असें म्हणत. ज्यांच्यापाशीं आंत जाण्यास पैसे नसत, तेहि कुंपणाबाहेर उभे राहून ऐकत. अशा वातावरणांत प्रथम 'स्का' ही जलद चाल, १९६६ च्या सुमारास 'रॉकस्टेडी' ही संथ चाल, आणि १९६८ च्या सुमारास रेगे, अशा क्रमानें हें संगीत घडत गेलें. २०१८ सालीं युनेस्कोनें मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादींत रेगेचा समावेश केला.

आतां त्याच्या तालाकडे वळूं. एक, दोन, तीन, चार अशा चार मात्रा सावकाश मोजाव्या. पाश्चात्त्य लोकप्रिय संगीतांत पहिली मात्रा बहुधा मोकळी नसते. रेगेच्या 'वन ड्रॉप' या प्रसिद्ध ठेक्यांत ड्रम वाजविणारा पहिली मात्रा मोकळी सोडतो, व तिसऱ्या मात्रेवर पायाचा मोठा ड्रम आणि काठीचा लहान ड्रम यांचा आघात एकदम करतो. गिटारवादक दुसऱ्या व चौथ्या मात्रेवर तारा क्षणभर छेडून लगेच दाबून धरतो. या सर्वांच्या खालून बास गिटारचा जाड, गंभीर स्वर स्वतंत्र चाल गात जातो. बाकावर तळहातानें केवळ तिसरी मात्रा व बोटांनीं दुसरी आणि चौथी वाजवून पाहावी. पहिल्या मात्रेस हात आपोआप खालीं येऊं पाहतो, आणि त्यास आवरणें किती कठीण, हें तत्काळ कळेल.

आपल्याकडील तबल्याचा अभ्यास ज्यांनीं केला आहे, त्यांस येथें 'खाली' आठवेल. तीनतालांत खाली नवव्या मात्रेवर येते. रूपक तालांत तर समेवरच खाली असते. दोन्ही पद्धति एक नव्हेत. तरी मोकळी जागा हाहि तालाचाच भाग होय, हें तत्त्व दोहोंत समान आहे. रेगेंत ती जागा ऐकणाऱ्याच्या पावलानें भरते. म्हणून हें संगीत श्रोत्यांवांचून अपुरें वाटतें.

हें संगीत जगभर पोंचविण्याचें काम सर्वांत अधिक कोणी केलें असेल तर तें बॉब मार्ली यानें. ६ फेब्रुवारी १९४५ रोजीं जमैकांतील नाइन माइल या खेड्यांत त्याचा जन्म झाला. 'वेलर्स' या त्याच्या वृंदांत कार्लटन बॅरेट हा ड्रम व त्याचा वडील बंधु ॲस्टन बॅरेट हा बास गिटार वाजवीत असे. रीटा मार्ली, मार्शिया ग्रिफिथ्स व ज्यूडी मोवॅट या तिघी साथीस गात. मार्लीच्या गीतांत गरिबांचीं दुःखें, बायबलांतील स्तोत्रांची भाषा व आफ्रिकेची ओढ हीं एकत्र आलेलीं आहेत. १९७९ सालीं निघालेल्या 'सर्व्हायव्हल' या तबकडींत त्यानें 'झिंबाब्वे' नांवाचें एक गीत घातलें. त्या वेळीं या नांवाचें राज्य नकाशावर अद्याप यावयाचें होतें.

आफ्रिका खंडाच्या दक्षिण भागांतील ऱ्होडेशियांत ११ नोव्हेंबर १९६५ रोजीं गोऱ्या अल्पसंख्याकांच्या सरकारनें ब्रिटनला न जुमानतां एकतर्फी स्वातंत्र्य पुकारलें होतें. बहुसंख्य काळ्या प्रजेस त्यांत कांहींच वांटा नव्हता. दीर्घ युद्धानंतर डिसेंबर १९७९ मध्यें लंडन येथें करार झाला, निवडणुका झाल्या, आणि १८ एप्रिल १९८० रोजीं झिंबाब्वे हें नवें राष्ट्र जन्मास आलें. त्या उत्सवांत गाण्यासाठीं मार्ली व वेलर्स यांस बोलावणें गेलें. मोठ्या मैदानास पुरेल अशी ध्वनिवर्धकांची सामग्री विमानानें तेथें नेण्यांत आली, आणि सर्व खर्च मार्लीनें स्वतः सोसला.

समारंभाची जागा होती सॉल्सबरी, म्हणजे १९८२ पासून हरारे म्हणून ओळखल्या जाणाऱ्या राजधानींतील रुफारो मैदान. शोना भाषेंत 'रुफारो' म्हणजे आनंद. हें मैदान काळ्या कामगारांच्या जुन्या वस्तींत आहे. १७ एप्रिलच्या रात्रीं तेथें ब्रिटनचे युवराज चार्ल्स, आपल्या पंतप्रधान श्रीमती इंदिरा गांधी व देशोदेशींचे पाहुणे जमले होते. बाहेर हजारों सामान्य जन उभे होते. ज्या स्वातंत्र्यासाठीं त्यांच्या घरांतील मुलें रानांत लढलीं, त्याचा सोहळा त्यांच्याच वस्तींत चालला होता, आणि फाटक मात्र त्यांस बंद होतें.

वेलर्सचें वादन सुरू झालें, तसा ध्वनि भिंतींपलीकडे गेला आणि लोक आंत घुसूं लागले. पोलिसांनीं अश्रुधूर सोडला. धूर वाऱ्याबरोबर मैदानांत शिरला. पाहुणे, प्रेक्षक, गायक सर्वांचेच डोळे चुरचुरूं लागले. साथीदार रंगमंच सोडून गेले. मार्ली बराच वेळ तेथेंच होता. निवळल्यावर वादन पुन्हां सुरू झालें, परंतु पूर्वींचा रंग राहिला नव्हता.

या प्रसंगीं पोलिसांस सर्वस्वी दोष देणें सोपें आहे. एवढे परदेशी पाहुणे आंत असतां गर्दी चेंगरून अनर्थ होईल ही भीति खोटी नव्हती. तरीहि प्रश्न उरतोच: ज्यांच्याविषयीं गीत रचलें, त्यांस वगळून तें गाइलें तर त्याचा अर्थ काय राहतो? वेलर्सनीं त्याचें उत्तर शब्दांनीं न देतां कृतीनें दिलें. दुसऱ्या दिवशीं त्याच मैदानांत त्यांनीं पुन्हां कार्यक्रम केला. या वेळीं फाटकें उघडीं होतीं, शुल्क नव्हतें, व आदल्या रात्रीं बाहेर राहिलेला जनसमुदाय आंत आला होता. आमच्या मतें खरा उद्घाटनाचा कार्यक्रम हाच होय. तालांतील मोकळी मात्रा भरणारीं पावलें त्या दिवशीं तेथें होतीं.

पुढील इतिहास सर्वच सुखाचा नाहीं. ११ मे १९८१ रोजीं, वयाच्या अवघ्या छत्तिसाव्या वर्षीं, मार्ली कर्करोगानें निवर्तला. नव्या राष्ट्राचे पहिले पंतप्रधान रॉबर्ट मुगाबे यांची सत्ता नोव्हेंबर २०१७ पर्यंत टिकली. लढ्याचीं गीतें गाऊन लोकप्रिय झालेला तेथील गायक थॉमस मापफुमो यास १९८९ सालीं भ्रष्टाचारावरच तबकडी काढावी लागली. फाटक एकदां उघडलें म्हणजे तें कायमचें उघडें राहतें असें नाहीं. तें पुनःपुन्हां उघडावें लागतें.

मित्रहो, आपल्या स्नेहसंमेलनाच्या रात्रीं कुंपणाबाहेर अंधारांत उभीं राहून गाणें ऐकणारीं मुलें आपण दरवर्षीं पाहतों. तीं गोंगाट करतात म्हणून आपण त्यांस हांकलतों. मैदानांत जागा थोडी असते, ही अडचण खरी आहे. तथापि पुढच्या वर्षीं रंगीत तालमीच्या दिवशीं तरी त्यांच्यासाठीं फाटक उघडें ठेवतां येईल काय, याचा विचार आपण सर्वांनीं मिळून करावा, एवढीच आमची विनंति आहे.